स्टीअरिंग फिरवताना 'खट्ट' वाजतंय? पार्ट बदलण्याआधी आवाज पकडा

पिकअपचं स्टीअरिंग वळवताना खट्ट किंवा गटक् असा आवाज येऊ लागला, की नवा मालक एकतर गाण्यांचा आवाज वाढवतो, नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन "स्टीअरिंग वाजतंय, बघा जरा" एवढं बोलून चावी देऊन टाकतो. दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो, पण बिल हातात पडल्यावर वाटेनासा होतो. एवढ्याशा माहितीवर मिस्त्री अंदाजच करणार, आणि अंदाज बहुतेक वेळा महागड्या पार्टपासून सुरू होतो. "रॅक गेलाय." "बॉक्स बदलायला लागेल." (रॅक किंवा बॉक्स म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी मुख्य यंत्रणा.) रॅक बदलून गाडी बाहेर काढायची आणि पहिल्याच गतिरोधकावर तोच खट्ट पुन्हा ऐकायचा, हे नवी मुंबईच्या तुर्भे-महापे पट्ट्यातल्या ड्रायव्हरांकडून मी बऱ्याचदा ऐकलंय.

मी मिस्त्री नाही. एपीएमसीतला माल ठाणे, कळवा, भिवंडीकडे पोचवणारी स्वतःची पिकअप चालवतो, आणि हे सगळं माझ्या गाडीवर करून बघितलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की पार्ट खोलायचं काम मिस्त्रीचं असलं तरी आवाज पकडायचं काम गाडी रोज चालवणाऱ्याचं आहे. तो कधी येतो, हे गॅरेजमध्ये दहा मिनिटांत कळत नाही.

१. आधी गाडीखाली वाकून बघा

पिकअपचे पुढचे भाग सगळ्या गाड्यांत सारखे नसतात. त्यामुळे इंटरनेटवर कुठल्यातरी अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ बघून आपल्या गाडीत तोच पार्ट शोधत बसू नका.

काही गाड्यांना पुढेही पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या थरांची स्प्रिंग) असतात आणि दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल असतो. चाक किंगपिनवर (उभ्या खिळीवर) वळतं. चासीला बोल्ट केलेला जड स्टीअरिंग बॉक्स असतो, त्याच्याखाली ड्रॉप आर्म लोंबतो, तिथून ड्रॅग लिंक चाकाकडे जाते आणि दोन्ही चाकांना टाय रॉड जोडतो.

दुसऱ्या प्रकारात पाटे फक्त मागे असतात. पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म, बॉल जॉइंट (वाटीत गोळा बसवलेला सांधा), आणि स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या जातीतली. अशा गाड्यांत बऱ्याचदा बॉक्सऐवजी रॅक असतो. आडवा दांडा आणि दोन्ही टोकांना रबरी घड्यांचे बूट दिसले की समजा रॅक आहे.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी: ज्या नकलला (चाक धरून वळणाऱ्या लोखंडी भागाला) टाय रॉड जोडलेला असतो, त्याच्याच आसपास सस्पेन्शनचे सांधेही असतात. म्हणून सस्पेन्शनमधला ढिलेपणा स्टीअरिंगच्या दांड्यातून तुमच्या तळहातापर्यंत पोचतो आणि स्टीअरिंगच वाजतंय असं वाटतं. लोखंडी चासीतून आवाज सहज पळतो. डाव्या चाकाचा खट्ट तुमच्या उजव्या पायाखाली ऐकू आला तरी नवल मानू नका.

२. जवळ काय हवं

- चाकांना लावायला लाकडी ठोकळे किंवा वेजेस
- गाडीच्या वजनाला पुरेसा जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड)
- लांब टॉमी (उचकटायचा लोखंडी दांडा), बॉक्स पाना आणि शक्य असेल तर टॉर्क पाना
- चांगली टॉर्च, चिंधी, हातमोजे
- खडू किंवा पांढरा रंग, आणि मापाची टेप
- ग्रीस गन (ग्रीस निपल असलेल्या गाड्यांसाठी)
- एक माणूस. स्टीअरिंग हलवायला कुणीतरी लागतंच. एकट्याने ही तपासणी होत नाही.

गॅरेजला जाताना आरसी, विम्याची प्रत, सर्व्हिस बुक आणि मागच्या दुरुस्तीची बिलं सोबत ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस बुकातले शिक्के आणि किलोमीटरचा फोटो यांच्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलेला असला तर उत्तम, कारण वर्कशॉपच्या दारात शिरताच गाडी गप्प होते, हा सगळ्यांचाच अनुभव.

३. आवाज कधी येतो, ते वेगवेगळं करून बघा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बाकी काही नाही केलं तरी चालेल, एवढं मात्र करा.

जागा सपाट आणि रिकामी निवडा. रविवारी दुपारी रबाळे, पावणे, महापे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर रहदारी कमी असते. घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याच्या गर्दीत ही चाचणी करायला जाऊ नका. मागचा माणूस हॉर्न वाजवत राहील आणि तुम्हाला हॉर्नच ऐकू येईल. काचा खाली, गाणी बंद, पंखा बंद.

*गाडी उभी, इंजिन चालू, स्टीअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे.* इथेच टक टक आलं, तर संशय कॉलमखालच्या (स्टीअरिंगच्या दांड्याखालच्या) क्रॉसवर, म्हणजे दोन काटे जोडणाऱ्या सांध्यावर, रॅकच्या किंवा बॉक्सच्या बोल्टांवर, ड्रॅग लिंकवर आणि टाय रॉड एंडवर (टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर). गाडी हलतच नाही, म्हणजे शॉकअप वगैरे तूर्त बाजूला ठेवता येतात.

*अगदी हळू, पूर्ण वळण, दोन्ही बाजूंना.* स्टीअरिंग शेवटपर्यंत नेल्यावर एकदाच ठक्क वाजलं आणि ते स्टॉपर बोल्टला टेकल्याचं असेल, तर तो दोष नाही. वळणाच्या मधेच गटक् झालं, तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारा) ढिला असेल किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटला असेल, तर वळताना ॲक्सल जागेवरून किंचित सरकतो आणि मोठा गटक् येतो. फोर बाय फोर गाडीत वळणावर चाकाच्या वेगाबरोबर वाढत जाणारा कट-कट-कट हा पुढच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) असतो.

*सरळ रस्त्यावर गतिरोधक.* स्टीअरिंग सरळ धरून हळू जा. सिडकोच्या नोडमध्ये (वसाहतींत) गतिरोधकांची टंचाई नाही. आधी दोन्ही चाकं एकदम चढवा, मग असा गतिरोधक शोधा जिथे एकच चाक आधी चढेल. एकच चाक चढताना जास्त वाजलं, तर स्टॅबिलायझर बारची (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्याची) लिंक आणि बुश (सांध्यात बसवलेलं रबर) बघायचे. दोन्ही चाकांना सारखं वाजलं, तर शॉकअपचे बुश, पाट्याच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीचे) बुश आणि पिन.

*ब्रेक.* वीसच्या वेगाने जाऊन ब्रेक दाबा, मग रिव्हर्समध्ये तसंच करा. पुढे एक खट्ट आणि मागे एक खट्ट आला, तर लोअर आर्मचे बुश किंवा ब्रेकचा कॅलिपर.

*क्लच सोडताना, गिअर बदलताना.* इथला गटक् स्टीअरिंगचा नसतोच. प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा इंजिनचं माउंटिंग बघा.

*भरलेली गाडी आणि रिकामी गाडी.* ही तुलना छोट्या कारवाल्यांना करता येत नाही, आपल्याला रोज फुकट मिळते. भरल्यावर बंद होणारा आणि रिकाम्या गाडीत परत येणारा आवाज बहुधा पाट्यांच्या बुशचा, शॅकलचा किंवा चक्क फाळक्याचा (मागच्या हौद्याच्या झडपेचा) असतो. भरल्यावर वाढणारा आवाज जास्त गंभीर; तिथे वजन पेलणारा एखादा सांधा संपलाय.

हे सगळं कागदावर लिहा: डावीकडे की उजवीकडे, गाडी थंड की गरम, पावसात वाढतो का. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी आणि चिखल फाटक्या रबरातून सांध्यात शिरतो, ग्रीस धुतलं जातं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सांधा वाजायला लागतो. खाडीकाठची खारी हवा गंजाला मदत करते, ती वेगळीच.

४. स्वस्त कारणं आधी संपवा

चाकाचे नट. पंक्चर काढल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल, तर दुसरं काही बघू नका. पाना घेऊन सगळे नट तपासा, समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा. ढिल्या नटांनी चाक निघून जातं, त्यामुळे हे घरी पोचल्यावर करायचं काम नाही, तिथल्या तिथे करायचं.

मग फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या, स्टेपनीचा क्लॅम्प, सीटमागचा जॅक, टूलबॉक्स, बॅटरीचा पट्टा. हसू नका. सीटखाली लोळणारा टॉमी प्रत्येक वळणावर बरोब्बर खट्ट वाजतो आणि आवाज खालून येतो.

५. चाकं जमिनीवर ठेवून तपासणी

नवशिक्यांचा पहिला उत्साह गाडी जॅकवर चढवण्याचा असतो. थांबा. टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचा ढिलेपणा चाकं जमिनीवर असतानाच नीट दिसतो, कारण टायर रस्त्याला चिकटलेला असतो आणि स्टीअरिंगचा जोर आधी सांध्यातली पोकळी भरण्यात जातो.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रल. सोबतच्या माणसाला स्टीअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे झपझप हलवायला सांगा, पूर्ण फिरवायचं नाही. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू लागेल; अशा वेळी पंखा आणि बेल्टपासून हात, बाह्या, गमछा लांब ठेवा. तुम्ही चाकाच्या मागून बघा, गाडीखाली आडवे होऊ नका.

आता वरून खाली एकेक सांधा बघत या. सांध्याच्या एका बाजूचा भाग हलतो आणि दुसऱ्या बाजूचा क्षणभर उशिरा हलतो, असं दिसलं की तो सांधा ढिला. डोळ्यांना दिसलं नाही तर दोन्ही भागांवर मिळून बोटं टेकवा, खट्ट बोटांना जाणवतो. बोटं सांध्याच्या फटीत मात्र घालायची नाहीत.

रबरी टोप्या बघा. फाटलेली, ग्रीस ओकलेली टोपी म्हणजे तो सांधा संपलेला, नाहीतर संपायला आलेला. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालतात ती) जागेवर आहे का, तेही आताच बघा.

रॅक असेल तर तो चासीवर जिथे बसवलाय तिथले बोल्ट आणि रबरी बुश तपासा. अख्खा रॅक डावी-उजवीकडे सरकत असेल, तर रॅक बदलायची नव्हे, बुश बदलायची वेळ आहे. बॉक्सच्या गाडीत बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट, आणि बॉक्सजवळच्या चासीला तडा आहे का, हे टॉर्च मारून बघा. गंजाची तांबूस रेघ दिसली तर तिथे घासून बघा, तडा बऱ्याचदा तिच्याखाली लपतो.

६. चाक उचलून तपासणी

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर घोडी लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

जॅक कुठे लावायचा यावर निकाल अवलंबून असतो, आणि गॅरेजमध्ये इथेच घाई होते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा जोर लोअर आर्मवर येत असेल, तर जॅक त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावायचा. चासीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि संपलेला जॉइंटही घट्ट वाटतो. "बॉल जॉइंट ओके आहे साहेब" हे वाक्य बऱ्याच वेळा चुकीच्या जागी लावलेल्या जॅकमुळे ऐकायला मिळतं. सलग ॲक्सलच्या गाडीत जॅक ॲक्सलखाली.

चाक अधांतरी झालं, की घड्याळाचे १२ आणि ६ जिथे असतील तिथे धरून आत-बाहेर हलवा. हललं, तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर व्हील बेअरिंग. तरीही हलत राहिलं, तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. ९ आणि ३ वर धरून हललं आणि १२-६ वर नाही हललं, तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट.

मग लोअर आर्मच्या बुशजवळ टॉमी घालून हळूच उचकटा. रबर थोडं दबणारच. पण आर्म सुटल्यासारखा उड्या मारत असेल किंवा रबर लोखंडापासून सुटलं असेल, तर बुश गेला.

पाट्यांच्या गाडीत सेंटर बोल्ट तपासायची सोपी युक्ती आहे. स्टीअरिंग सरळ ठेवून गाडी जमिनीवर उभी करा आणि दोन्ही बाजूंना पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत टेपने मोजा. दोन मापांत ठळक फरक निघाला, तर एक बाजू सरकली आहे.

७. कॉलम, बॉक्स आणि कायद्याचं माप

खालचं सगळं घट्ट निघालं आणि आवाज खरंच पायापाशी येत असेल, तर कॉलमखालचा क्रॉस आणि त्याचा सरकता स्प्लाइन (दातेरी जोड) तपासा. क्रॉसच्या दोन्ही बाजूंना धरून माणसाला स्टीअरिंग हलवायला सांगा. वरचा काटा आधी फिरतो आणि खालचा मागून येतो, तर तो संपलाय. क्लॅम्पचा एक बोल्ट ढिला असला तरी असंच वाजतं.

स्टीअरिंगवर एअरबॅग असेल तर कव्हर स्वतः उघडू नका. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर आतून वाजत असेल, तरीही कंपनीच्या वर्कशॉपलाच जा. हायड्रॉलिक स्टीअरिंगमध्ये ऑइल कमी झालं तर वळताना कण्हल्यासारखा आवाज येतो. खट्ट आवाजावर ऑइल टाकणं हा उपाय नाही.

मोकळा प्ले किती, हे मोजूनच ठेवा. स्टीअरिंगच्या कड्यावर चिकटपट्टी लावा, समोर डॅशबोर्डवर एक खूण ठेवा, आणि चाक हलायला सुरुवात होईपर्यंत कडं किती फिरतं ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ सांगतो, की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, आणि जोडणीच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कड्यावर साधारण १० सेंटिमीटर. एवढा प्ले असलेली गाडी मी मुंब्रा बायपासच्या उतारावर नेणार नाही. रॅकच्या गाडीत दोन-तीन सेंटिमीटर झाला तरी शोध सुरू करा.

मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंगची तारीख घेण्याआधी ही तपासणी केली तर फेरी वाचते.

८. गाडी जागेवरून हलवू नका, जर

- स्प्लिट पिन गायब असेल आणि नट हाताने फिरत असेल
- बॉल जॉइंट हाताने स्पष्ट वर-खाली होत असेल
- आर्म, नकल, ड्रॉप आर्म किंवा बॉक्सजवळच्या चासीला तडा असेल
- स्टीअरिंग मधेच अडकत असेल किंवा वळणानंतर सरळ येत नसेल
- यू-बोल्ट तुटला असेल

अशा वेळी क्रेन बोलवा. "गॅरेज इथेच तर आहे, तुर्भ्याला" म्हणून चालवत नेऊ नका. मोठ्या खड्ड्यात आपटून नुकसान झालं असेल तर आधी जागेचे आणि चाकाचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि सर्व्हेच्या आधी काही खोलू नका. झिजून संपलेल्या पार्टचे पैसे विम्यातून मिळत नाहीत, आदळून तुटल्याचे मिळू शकतात, फोटो त्यासाठी.

९. गॅरेजमध्ये काय बोलायचं, कशावर नजर ठेवायची

"स्टीअरिंग वाजतंय" म्हणू नका. असं म्हणा: "मिस्त्री, गाडी उभी असताना काही नाही, डावीकडे हळू वळताना एकदा गटक् येतो, भरल्यावर वाढतो. डावा खालचा बॉल जॉइंट बघा. जॅक आर्मखाली लावा." चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. रागावलाच, तर दुसरं गॅरेज बघा. ढिलेपणा डोळ्यांसमोर दाखवल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही, आणि जुना पार्ट परत घ्यायचा.

काम चालू असताना या गोष्टी बघा:

बॉक्समधला प्ले काढायला वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून देणं ही आवडती शक्कल आहे. दोष टाय रॉडमध्ये असताना स्क्रू आवळला तर स्टीअरिंग जड होतं, वळणानंतर परत येत नाही, आणि चांगला बॉक्स आतून झिजतो. बाकी सगळे सांधे घट्ट ठरल्यावरच त्या स्क्रूला हात लावायचा, तोही माहीतगाराने.

रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि नवा बुश लवकर फाटतो. हे सांगितल्यावर "काय फरक पडतो" असं उत्तर येतं. पडतो.

कॅसल नटची (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेल्या नटची) खाच भोकाशी जुळत नसेल तर नट पुढे थोडा आवळून जुळवायचा, मागे ढिला करून नाही. आणि स्प्लिट पिन नवीनच हवी. ती स्वस्तातली वस्तू आहे.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आटे फिरवून निघाला ते मोजून नवा तेवढाच आत बसवायला सांगा, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाईल.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने पार्ट स्वस्त मिळतात. आरसा घ्या, फाळका घ्या. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक जुनी घेऊ नका. आतली झीज बाहेरून दिसत नाही, आणि नवं ग्रीस भरून तासाभरासाठी कुठलाही जॉइंट घट्ट करता येतो.

१०. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

आवाज आला की आधी अलाइनमेंट करून घेणारे पुष्कळ आहेत. ढिल्या सांध्यांवर अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी. मशीनवर आकडे हिरवे दिसतात, खाली उतरून पहिल्या खड्ड्यात ते बदलतात. दुरुस्ती झाल्यावर मात्र अलाइनमेंट करावीच लागते, विशेषतः टाय रॉड एंड, आर्म किंवा बॉल जॉइंट बदलला असेल तर. टायरच्या पृष्ठभागावरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) बिघडलेला होता, हे दुकानदाराला सांगा.

मग तिसऱ्या पायरीतला कागद काढा आणि त्याच रस्त्यावर, त्याच गतिरोधकांवर, त्याच वेगाने सगळ्या चाचण्या पुन्हा करा. एकदा रिकामी, एकदा भरून. एक आवाज गेला की त्याच्याखाली दबलेला दुसरा, बारीक आवाज ऐकू येऊ शकतो. तो नवा बिघाड असेलच असं नाही.

घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर आणि बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या भागावर. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. चाकाचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, आणि यू-बोल्ट नवे टाकले असतील तर काही दिवस माल वाहिल्यावर तेही पुन्हा आवळून घ्या, कारण पाटे बसले की ते सैल पडतात. ग्रीस निपल असतील तर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ग्रीस मारा. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबा, टोपी फुगायच्या आत थांबा.